घरातील लघुचित्रे आणि पहिला डिजिटल कॅमेरा

(एका निवृत्त शिक्षकाचे नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना थोडे नवल वाटले असेल. कॅमेरा कोणता घ्यावा हे सांगणे दुकानदाराचे काम. ते एका निवृत्त शाळामास्तराने, आणि तेही मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या मास्तराने, अंगावर का घ्यावे? ह्या प्रश्नाला मजपाशी एकच उत्तर आहे. मी ह्या बाबतीत एकदा चुकलो आहे, आणि ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी राहिलेली नाही. ज्याचे गणित चुकले त्यानेच फळ्यापाशी येऊन ते पुन्हा सोडवून दाखवावे, असा माझ्या वर्गात नियम असे. त्या नियमाला अनुसरून आज मी आपणांशी बोलावयास बसलो आहे.

१९९१ सालची गोष्ट. औसा तालुक्यात किल्लारीच्या शेजारच्या एका गावी माझी मावशी राहत असे. तिच्या देवघरात ‘हरिविजया’ची एक हस्तलिखित पोथी होती. सुटी, लांबट पाने. लाल बासनात बांधलेली. आणि मधूनमधून मिळून अकरा रंगीत चित्रे. एकही चित्र तळहाताहून मोठे नव्हते. श्रीकृष्णाचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. परंतु तेवढ्याशा जागेत डोळा, भुवई, ओठ, कानातील कुंडल असे सारे काही यथास्थित होते. मी शाळेत चित्रकला शिकवीत असे, म्हणून ह्या चित्रांचे फोटो घ्यावेत असे माझ्या मनात आले. एका स्नेह्याचा कॅमेरा मागून आणला, फिल्म भरली, देवघर अंधारे म्हणून फ्लॅश लावला आणि अकरा चित्रांचे अकरा फोटो अर्ध्या तासात उरकले. मावशी म्हणाली, “सावकाश घे की रं, बाबा.” मी म्हणालो, “अगं मावशी, पुन्हा केव्हाही घेता येतील. पोथी काय पळून जाते?”

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी आमच्याकडील जुनी घरे. ती निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातील आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील हजारो माणसे त्या पहाटे गेली. मावशी वाचली. पोथी मात्र ढिगाऱ्याखाली सापडली, आणि नंतरच्या पावसात तिचा चिखल झाला. जेथे घरेच्या घरे बसली, तेथे पोथीचे दुःख कोणी करावे? मावशीनेही कित्येक महिने तिचे नाव काढले नाही. पुढे पत्र्याच्या घरात राहावयास गेल्यावर एके दिवशी तिने विचारले, “तू फोटो काढले होतेस ना रं?” मी पाकीट घेऊन गेलो. अकीकाने घोटलेल्या त्या गुळगुळीत रंगावर फ्लॅशचा लखलखाट समोरून आदळला होता, आणि प्रत्येक फोटोच्या मध्यभागी पांढरा गोळा उमटला होता. मावशीने अकराही फोटो एकेक करून पाहिले आणि हळूच म्हणाली, “आरं, ह्यात देवाचं तोंड कुठाय?”

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आजही देता येत नाही.

सेवानिवृत्तीनंतर ही गोष्ट पुन्हा वर आली, ती नांदेडास. माझी कन्या तेथे दिली आहे. व्याह्यांचा जुना वाडा गोदावरीपासून फार दूर नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा वाड्याच्या चौकात पाणी शिरले होते. माळ्यावर एक शिसवी पेटी होती. माळ्यावर होती म्हणूनच ती राहिली. तीत चौदा सुटी लघुचित्रे आहेत, आणि दशावतारी गंजिफांचा एक जोड आहे. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी मिळून १२० गोल, रंगविलेली, लाखेचा हात दिलेली पाने. ह्या जोडातील नव्वद शिल्लक आहेत. व्याही मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही चित्रकलेचे जाणकार. ह्यांचे फोटो आपणच घ्यावेत. मोबाइलवर घेतलेत तरी चालतील.” मी म्हणालो, “चालते की नाही ते पाहून सांगतो. पण ह्या खेपेस मी घाई करणार नाही.”

अशी चित्रे आपल्या मुलखात नवीन नव्हेत. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे १६५० साली भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ची सचित्र पोथी तयार झाली. त्याही आधी अहमदनगरच्या निजामशाहीत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हा सचित्र ग्रंथ झाला. तो आज पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हे मोठ्यांचे झाले. परंतु त्यांच्या मागोमाग लहान गावांतील चितारी, पोथ्या लिहिणारे लेखक आणि गंजिफा करणारे कारागीर हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळ आणि सोन्याचा वर्ख वापरून घरोघरच्या देवघरांसाठी काम करीतच होते. खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली त्यांची रेघ केसाएवढी बारीक असे. शिवाय जंगाल नावाचा जो तांब्याचा हिरवा रंग, तो काळाच्या ओघात खालचा कागदच खाऊन टाकतो. म्हणजे भूकंप वा महापूर न येताही ही चित्रे सावकाश जातच आहेत.

आता कॅमेऱ्याकडे वळू. लातुरास एका दुकानी गेलो. तेथील तरुण मोठा अदबशीर होता. त्याने प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगितला, नंतर झूमचा. ह्या आकड्यांचा अर्थ आपण मास्तरी पद्धतीने लावून पाहू.

डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर म्हणजे अतिशय बारीक चौकटींचा आलेख-कागद समजावा. प्रत्येक चौकटीत जेवढा प्रकाश पडेल तेवढ्याची नोंद होते, आणि त्या ठिपक्यांचे मिळून चित्र होते. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्याने असा पहिला कॅमेरा जुळविला. त्यात आडवे शंभर आणि उभे शंभर, म्हणजे एकंदर दहा हजारच ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. व्याह्यांकडील चित्राचे एक पान चोवीस सेंटिमीटर लांब आणि सोळा रुंद आहे. सॅसनच्या यंत्राने ते टिपले असते, तर दर मिलिमीटरला अर्धा ठिपकाही आला नसता. आज २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतात. तेच पान त्यात चौकटभर घेतले, तर ६००० भागिले २४० म्हणजे दर मिलिमीटरला २५ ठिपके पडतात. चिताऱ्याची रेघ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी धरली, तर तिच्या वाट्याला अडीच ठिपके आले. रेघ दिसेल. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच लांबीवर ४००० ठिपके, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १७. रेघ तेथेही दिसेल, परंतु जेमतेम. लक्षात ठेवावयाचे ते हे, की मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणजे बारकावा दुप्पट होत नाही. तो दुप्पट व्हावयास मेगापिक्सेल चौपट व्हावे लागतात. म्हणून २४ च्या आसपासचा आकडा मिळाला, की त्या वादातून आपण अंग काढून घ्यावे.

दुसरा विचार चौकटीच्या आकारमानाचा. लहान खिशातल्या कॅमेऱ्यातील सेन्सर सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार रुंद, असा असतो. ज्याची लेन्स बदलता येते अशा सामान्य कॅमेऱ्यातील सेन्सर सुमारे साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढून पाहावे. ते सुमारे तेरापट भरते. मोठ्या अंगणात पाऊस अधिक पडावा, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश अधिक पडतो, आणि सावलीतील गडद रंगांत वाळू उधळल्यासारखे जे कण दिसतात ते कमी होतात.

मग मोबाइलचे काय? मी एक गंजिफा मोबाइलवर टिपून पाहिली. चित्र मोठे झकास दिसले. मूळ पान शेजारी ठेवले तेव्हा घोटाळा ध्यानात आला. हिंगुळाचा जुना, शांत तांबडा रंग नारिंगी होऊन चकाकत होता, आणि रंगाला गेलेल्या बारीक तड्यांना जाड काळी कड आली होती. मोबाइल फार हुशार आहे, हीच येथे अडचण. तो एकामागून एक पुष्कळ चित्रे घेऊन एकात मिसळतो, कडा ठसठशीत करतो, रंग खुलवितो. लग्नसमारंभात हे गुण आहेत. चित्राची नक्कल उतरविताना हे दोष आहेत. यादीसाठी, ओळखीसाठी मोबाइल अवश्य वापरावा. परंतु मूळ चित्र गेल्यावर ज्यावर विसंबावयाचे ते छायाचित्र त्याच्या मर्जीवर सोडू नये. सारांश, आपणांस सांगितल्याबरहुकूम वागणारा कॅमेरा हवा. त्यात प्रकाशाचा अवधी, लेन्सचे छिद्र आणि रंगाची समतोलता ही तिन्ही हाताने ठरविता आली पाहिजेत, आणि ‘रॉ’ नावाच्या पद्धतीने चित्र साठविता आले पाहिजे. नेहमीचे ‘जेपेग’ चित्र म्हणजे कॅमेऱ्याने आपल्या चवीने शिजविलेला भात. ‘रॉ’ म्हणजे निवडून ठेवलेले तांदूळ. तांदुळाचा भात केव्हाही करता येतो. भाताचे तांदूळ होत नाहीत.

तिसरी गोष्ट लेन्स. कॅमेऱ्याबरोबर जी साधी लेन्स येते ती वाईट नसते. बहुधा तिने वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी उमटते. म्हणजे जवळात जवळ गेले तर सात-आठ सेंटिमीटर लांबीची वस्तू चौकटभर येते. गंजिफेच्या पानाला हे पुरते. परंतु दोन अडचणी आहेत. ही लेन्स रुंद बाजूला फिरविली की चित्राची सरळ किनार पिंपासारखी फुगते, आणि चेहऱ्यापुरता भाग मोठा घ्यावयाचा झाला तर ती जवळ जाऊ शकत नाही. ह्यासाठी मॅक्रो लेन्स असते. तिने वस्तूच्या आकाराएवढीच प्रतिमा सेन्सरवर उतरते, आणि सरळ रेघ सरळ राहते. ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली तर आपले चोवीस सेंटिमीटरचे पान दोन-सव्वादोन फुटांवरून चौकटभर येते. दिवे ठेवावयास मध्ये जागाही उरते. दुकानातील तरुणाने ज्या झूमची स्तुती केली, तो झूम दूरच्या पक्ष्यासाठी. आपला पक्षी टेबलावर निजलेला आहे!

आता पैशाचा प्रश्न. आपणांसारख्या निवृत्तिवेतनावरील गृहस्थाने नवा, महाग कॅमेरा घेऊन लेन्स आणि दिव्यांसाठी हात आखडता घेऊ नये. मी उलट केले. कॅमेरा वापरलेला घेतला, जुन्या आरशाच्या पद्धतीचा. आता कंपन्यांचे लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे गेले असल्यामुळे हे जुने कॅमेरे स्वस्तात मिळतात. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हादरा कमी आणि पडद्यावर चित्र मोठे करून पाहण्याची सोय उत्तम, हे खरे. परंतु स्थिर चित्रासाठी जुनाही पडद्यावर पाहून चालविता येतो. वापरलेला माल घेताना तीन परीक्षा कराव्या. शटर किती वेळा उघडले आहे ते विचारावे. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते पाहावे. आणि लहान छिद्र ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा. सेन्सरवर धूळ असल्यास काळे डाग दिसतात. अशा रीतीने जे पैसे वाचले त्यांतून मी मॅक्रो लेन्स, दोन दिवे आणि एक करड्या रंगाचे कार्ड घेतले.

कॅमेरा हातात धरावयाचा नाही. आमच्या गल्लीतील सुतारांकडून मी एक उभा खांब आणि आडवा हात असे लाकडी घोडे करून घेतले. त्यावर कॅमेरा तोंड खाली करून बसतो. तो चित्राशी तंतोतंत समांतर आहे की नाही, हे पाहावयाची एक सोपी युक्ती आहे. चित्राच्या जागी प्रथम एक लहान आरसा सपाट ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. आरशात लेन्सचे बिंब बरोबर चौकटीच्या मध्यावर दिसले, म्हणजे कॅमेरा सरळ आहे. बिंब सरकलेले दिसले, तर कॅमेरा कलला आहे, आणि चित्राची चौकट पतंगासारखी तिरपी येणार. छिद्र मधले, म्हणजे आठ आकड्याच्या आसपास ठेवावे. फार लहान छिद्राने उलट बारकावा पुसट होतो. संवेदनक्षमता शंभरावर ठेवावी, आणि बोटाच्या स्पर्शाचा हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांच्या टायमरने शटर उघडावे.

प्रकाशाच्या बाबतीत माझे मन आजही हळवे आहे. कॅमेऱ्यावरील फ्लॅश प्रथम बंद करावा. दोन सारखे दिवे, दोन बाजूंनी, पंचेचाळीस अंशांच्या कोनातून ठेवावेत. म्हणजे त्यांची चकाकी लेन्सकडे न येता पलीकडे निघून जाते. दिव्यापुढे पारदर्शक पांढरा कागद लावून प्रकाश मऊ करावा. दोन्हींचा प्रकाश सारखा आहे का? चित्राच्या जागी एक पेन्सिल उभी धरावी. तिच्या दोन सावल्या पडतील. त्या सारख्याच काळ्या असतील, तर प्रकाश सारखा. नंतर त्याच जागी करडे कार्ड ठेवून एक फोटो घ्यावा आणि त्यावरून कॅमेऱ्याला रंगाची समतोलता शिकवावी. म्हणजे दिव्याच्या पिवळेपणाचा आरोप चिताऱ्याच्या रंगावर येत नाही. काम झाले की दिवे मालवावे. कागदावरील चित्रे मांडताना पन्नास लक्सहून अधिक उजेड नसावा असा संग्रहालयांचा दंडक आहे. आपण त्याच्या पुष्कळ वर जातो, म्हणून तो थोडाच वेळ असावा. ऊन तर मुळीच नको.

सोन्याचे मात्र निराळे. बाजूच्या दिव्यांत वर्ख चमकत नाही. फोटोत तो मळकट तपकिरी, कधी काळाही उतरतो. म्हणून प्रत्येक चित्राचे दोन फोटो घ्यावेत. एक नेहमीचा, आणि दुसरा, वरच्या बाजूने एक पांढरे पुठ्ठ्याचे पान हलकेच कलते धरून, त्याचा उजेड सोन्यावर पडेल असा. पहिल्यात रंग खरे येतात, दुसऱ्यात मुकुट आणि दागिने जागे होतात. लाखेच्या गंजिफांची चकाकी ह्यानेही जात नसेल, तर लेन्सवर पोलरायझर नावाची फिरती काच बसवून दिव्यांपुढेही तशाच जातीची पातळ फिल्म लावावी. लेन्सवरची काच फिरविता फिरविता चकाकी मावळते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत हा सारा संसार घेऊन मी नांदेडास गेलो. दोन दिवस लागले. हात धुऊन कोरडे केले. पान उलटताना बोटाला थुंकी लावण्याची आपली जुनी खोड कटाक्षाने टाळली. पातळ कागदाखाली काळा कागद ठेवला, म्हणजे पाठीमागची अक्षरे पुढे झिरपत नाहीत. कडेला फूटपट्टी ठेवली आणि प्रत्येक पानाला क्रमांक दिला. पाठीची बाजूही टिपली. कारण कित्येकदा मालकाचे नाव, किंमत किंवा सवडीने लिहिलेला एखादा हिशेब तेथेच असतो. कुरकुरीत झालेले एक पान मी बळेच सपाट केले नाही. ते जसे वाकडे होते तसेच टिपले.

ह्या फोटोंचा आणखी एक उपयोग आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी चित्रे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या सचित्र हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते, आणि तिच्या अर्जाला छायाचित्रे जोडावी लागतात. घरातील चित्र चोरीस गेले, तर ते आपले होते हे सांगावयासही हाच पुरावा.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेमरी कार्डात चित्रे ठेवून निश्चिंत होऊ नये. मी तीन प्रती केल्या. एक व्याह्यांच्या संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर माझ्याकडे लातुरास, आणि तिसरी कागदावर छापून दोन्ही घरांच्या कपाटात. नांदेडास नदी आहे आणि लातुरास हलणारी जमीन आहे. पण दोन्ही एकाच दिवशी रागावतील असे मला वाटत नाही.

काम संपल्यावर व्याह्यांच्या मातोश्रींना मी संगणकाच्या पडद्यावर एक पान मोठे करून दाखविले. मुरलीधराचे होते. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे. लग्न होऊन वाड्यात आल्यापासून ते चित्र त्या दरवर्षी जन्माष्टमीला पाहत आल्या होत्या. बराच वेळ त्या पडद्याजवळ वाकून राहिल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, ह्याला पापण्या आहेत की!”

माझी मावशी आता नाही. परंतु आपणांपैकी कोणाच्या माळ्यावर, बासनात, ट्रंकेच्या तळाशी असे काही असेल, तर ते ह्या आठवड्यात एकदा काढून पाहावे, आणि कॅमेरा मिळेपर्यंत निदान जमिनीपासून उंच आणि कोरड्या जागी ठेवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.